तुकडा, काप आणि ठसा

(सिल्वासा येथे लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला दिलेला विषय 'मराठीतून विज्ञानलेखन' असा होता. या विषयावर बोलायला माणूस उभा राहिला की हमखास उपदेश करू लागतो. मराठी शब्द वापरा, सोपं लिहा, उदाहरणं द्या वगैरे. हे सगळं तुम्ही ऐकलेलं आहे. म्हणून मी ठरवलं, की विज्ञान मराठीतून कसं सांगावं हे सांगण्याऐवजी एक विज्ञान मराठीतून सांगूनच पाहावं, आणि जिथे अडेल तिथे तुमच्यासमोरच अडू द्यावं.

विषय माझ्या धंद्यातला आहे. मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि नंतर तेच काम मुलांना शिकवलं. शरीरातून काढलेल्या तुकड्याचे पातळ काप घ्यायचे आणि ते काचेच्या पट्टीवर नीट बसवायचे, हे माझं काम. अलीकडे या कापांवरून एक वेगळंच चित्र काढता येऊ लागलं आहे: कापात कोणता रेणू कुठे आहे त्याचं चित्र. त्या तंत्राला मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग म्हणतात. यंत्र महागडं आहे, कोट्यवधी रुपयांचं. पण आज मला यंत्राबद्दल कमी बोलायचं आहे. यंत्रापर्यंत तुकडा नेण्याआधी जी तयारी करावी लागते, तिच्याबद्दल बोलायचं आहे. यंत्र मुंबईत, पुण्यात किंवा हैदराबादला असलं तरी चालतं. तयारी मात्र जिथे रुग्ण असतो तिथेच सुरू होते, म्हणजे इथे. ती अवघड राहिली तर इथल्या माणसाच्या तुकड्याचं तसं चित्र कधीच निघणार नाही.

आधी एका शब्दाबद्दल. शाळेच्या पुस्तकात आपण 'ऊती' म्हणतो, विश्वकोशात 'ऊतक' आहे. पेशीचंही तसंच, शाळेत पेशी, विश्वकोशात कोशिका. विद्यार्थी वैतागतात आणि त्यांचं काही चुकत नाही. पण 'ऊती' हा शब्द मला आवडतो. संस्कृतात 'वे' या धातूचा अर्थ विणणं. त्यावरून 'ऊत', म्हणजे विणलेलं. 'ओतप्रोत' मधलं 'ओत' त्याच घराण्यातलं. आडव्या-उभ्या धाग्यांनी विणलेलं ते ओतप्रोत. युरोपातही असंच झालं. फ्रेंच 'तिश्यू' म्हणजे विणलेलं कापड. झेवियर बिशा नावाच्या फ्रेंच वैद्याने 1800 साली शरीरातल्या अशा एकवीस 'कापडां'ची यादी केली आणि तीही सूक्ष्मदर्शकाशिवाय, डोळ्यांनी आणि हातांनी चाचपून. आमली, मसाट, पिपरियाच्या कारखान्यांत ज्यांच्या घरचं कोणी धाग्यावर काम करतं, त्यांना हा शब्द समजावून द्यायला मला फळा लागत नाही. धागा ओढला तर वीण कशी बिघडते ते त्यांना ठाऊक असतं.

आता तंत्र. मास स्पेक्ट्रोमीटर हा एक तराजू आहे, इतकं धरून चला. मात्र तो रेणूंचा तराजू आहे. रेणूला पारड्यात ठेवता येत नाही, म्हणून त्याच्यावर विद्युतभार चढवतात आणि निर्वात नळीत त्याला धक्का देतात. सगळ्यांना सारखाच धक्का मिळाला, की हलका आधी पोचतो आणि जड मागून येतो. कोण किती वेळात पोचलं यावरून वजन काढतात. पाण्याच्या रेणूचं वजन 18, ग्लुकोजचं 180. पेशीच्या पडद्यात जे स्निग्ध रेणू असतात त्यांतला एक, विद्युतभार चढवल्यावर, 760.6 या आकड्यावर दिसतो. आमच्याकडे असे आकडे माणसांच्या नावांसारखे तोंडी बसतात.

नुसतं वजन करायचं तर तुकडा मिक्सरमध्ये वाटून घेतला तरी चालतो. पण वाटलं, की कुठे काय होतं हे गेलं. चित्रासाठी वाटून चालत नाही. शेताची माती तपासायची असेल तर सगळ्या शेताची माती एकत्र करून एक पुडी पाठवता येते, किंवा शेताचे चौकोन आखून प्रत्येक चौकोनातली चिमूट वेगळी पाठवता येते. दुसऱ्या रीतीने कुठे चुनखडी आहे आणि कुठे चिबड आहे हे कळतं. इमेजिंगमध्ये हेच करतात. एक सेंटिमीटर लांब-रुंद कापावर दर 50 मायक्रोमीटरला एक ठिपका घेतला तर 40,000 ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यावर लेसरचा टोला, आणि प्रत्येक टोल्याला शेकडो वजनं. मग संगणकाला सांगायचं, की मला 760.6 कुठे आहे ते रंगवून दाखव. तो नकाशा काढून देतो. रिचर्ड कॅप्रिओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली ऊतींच्या कापावर हे करून दाखवलं.

याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. कर्करोगाचं उदाहरण सगळे देतात. मी क्षयाचं देतो, कारण या पट्ट्यात तो आपल्या ओळखीचा आहे. क्षयाच्या जंतूंभोवती फुप्फुसात गाठ तयार होते. तिचा मध्य मऊ पनीरसारखा होतो, तिथे रक्तवाहिन्या नसतात, आणि जंतू तिथेही दडून असतात. रुग्णाने गोळी घेतली, औषध रक्तात गेलं, रक्त तपासलं, प्रमाण उत्तम. पण ते गाठीच्या मध्यात शिरलं का? रक्ताची तपासणी याचं उत्तर देऊ शकत नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसांच्या कापांवर या तंत्राने औषधांचे नकाशे काढले गेले. रिफॅम्पिसिन त्या मऊ मध्यात शिरून साठतं असं दिसलं. मॉक्सिफ्लॉक्सासिन मात्र गाठीच्या कडेच्या पेशींत भरपूर साठतं आणि मध्यात फारसं जात नाही. सहा महिने गोळ्या गिळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न कोणता असेल? आणि हा प्रश्न वाटलेल्या तुकड्याला विचारता येत नाही. तो कापालाच विचारावा लागतो.

म्हणून आता कापाकडे.

आपल्याकडच्या रुग्णालयांत बायोप्सीला कोणी बायोप्सी म्हणत नाही. 'तुकडा काढला', 'तुकडा तपासायला पाठवला' असंच म्हणतात. चांगला शब्द आहे. तो तुकडा एका बाटलीत टाकतात, बाटलीत 'पाणी' असतं. ते पाणी नसतं, फॉर्मालिन असतं. 1893 साली फ्रँकफुर्टचा फर्डिनांड ब्लूम हा डॉक्टर फॉर्मालिन जंतुनाशक म्हणून तपासत होता. काम करता करता त्याच्या लक्षात आलं, की आपल्या बोटांची कातडी कडक झाली आहे. ऊतीही अशाच कडक होतील, असं त्याच्या मनात आलं, आणि तेव्हापासून आजवर जगभरचे तुकडे त्या द्रावणात पडत आहेत. फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांशी सांधून टाकतं. तुकडा कुजत नाही, आहे तसा गोठतो. पुढे अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून त्यातलं पाणी काढायचं, झायलीनमधून न्यायचा, वितळलेल्या मेणात बसवायचा. थंड झाला की मेणाची वडी होते, तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. तिचे चार-पाच मायक्रोमीटरचे काप घ्यायचे आणि हिमॅटॉक्सिलीन व इओसिन या दोन रंगांत बुडवायचे. हिमॅटॉक्सिलीन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून येतं आणि आमच्या हाती येण्याआधी त्याने कापडं रंगवली जात.

या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. तिच्यावर आपलं सगळं निदान उभं आहे. वसंत रामजी खानोलकरांचं नाव विद्यार्थ्यांनी ऐकलेलं नसेल, म्हणून सांगतो. मुंबईत विकृतिशास्त्र शिकवणारा हा माणूस; परळला 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली, पुढे 1952 साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध आपल्याकडे ठसठशीतपणे पुढे आला तो त्यांच्यासारख्यांनी असंख्य काचपट्ट्या डोळ्यांखालून घातल्या म्हणून. मेणाचा ब्लॉक कपाटात वर्षानुवर्षं टिकतो. त्याला वीज लागत नाही, बर्फ लागत नाही. सिल्वासाहून एसटीने किंवा गुजरातच्या बसने बाटली नेली तरी तुकड्याचं काही बिघडत नाही. गरीब मुलखाला परवडणारी ही पद्धत आहे.

पण ती आकार जपते आणि पुष्कळसं रसायन घालवते. झायलीन आणि अल्कोहोल स्निग्ध पदार्थ धुऊन नेतात. मघाचा 760.6 गेला. औषधाचे लहान रेणूही बहुतेक गेले. प्रथिनं एकमेकांना जखडून बसतात. त्यांचं वजन करायचं तर आधी विकर घालून त्यांचे तुकडे करावे लागतात. घराचा नकाशा हाती राहतो, घरात कोण राहत होतं ते पुसलं जातं.

म्हणून इमेजिंगसाठी दुसरी वाट धरतात, गोठवण्याची. आणि इथून अवघडपणा सुरू होतो. तुकडा काढल्या काढल्या गोठवायचा, कारण शरीराबाहेर आल्यावरही त्यातली विकरं काम करत राहतात आणि मिनिटामिनिटाला रसायन बदलत असतं. गोठवण्यासाठी द्रवरूप नायट्रोजन, उणे 196 अंश. तो तुकडा उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा, सुक्या बर्फात घालून पाठवायचा. मग क्रायोस्टॅट नावाच्या थंड पेटीत, उणे 20 अंशांच्या आसपास, दहा-बारा मायक्रोमीटरचा काप घ्यायचा. केसाची जाडी सत्तर धरली तर हा तिच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा. नेहमीच्या गोठवलेल्या कापासाठी आम्ही तुकड्याभोवती एक डिंकासारखा पदार्थ लावतो, म्हणजे तो पात्याखाली हलत नाही. इमेजिंगला तो चालत नाही. त्या डिंकाचे स्वतःचे रेणू इतका गोंधळ करतात, की तुकड्याचा आवाज ऐकूच येत नाही. मग नुसत्या पाण्याच्या थेंबाने तुकडा खालून चिकटवायचा आणि काप वरच्या भागाचा घ्यायचा. तो वीजवाहक लेप असलेल्या काचेवर अलगद उचलायचा. काच साधी चालत नाही. घडी पडली तर गेला. फाटला तर गेला.

आणि आपला पावसाळा! थंड पेटीतून काच बाहेर काढली की श्रावणातल्या हवेत तिच्यावर क्षणात दव धरतं. ते दव म्हणजे पाणीच. त्यात विरघळणारे रेणू जागा सोडून वाहू लागतात. चित्र निघतं, पण ते दवाचं चित्र असतं. त्यासाठी काच बंद डबीत ठेवायची, डबी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, आणि मग निर्वात भांड्यात कोरडी करायची. एवढी साधी गोष्ट. पण थंड प्रदेशातल्या माणसाने लिहिलेल्या कृतीत ती अर्ध्या ओळीत उरकलेली असते. आपल्याकडे तिला अख्खा परिच्छेद द्यायला हवा.

एवढं झाल्यावरही काप यंत्रात जात नाही. लेसरचा टोला थेट ऊतींवर मारला तर मोठे रेणू अखंड सुटत नाहीत, फुटतात. मध्ये एखादा असा पदार्थ लागतो, जो लेसरची ऊर्जा स्वतः घेईल आणि रेणूला अलगद वर उचलेल. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. 'आधारद्रव्य' म्हटलं तर तो काहीतरी टेकू देतो असं वाटतं, 'वाहक' म्हटलं तर बस आठवते. या मॅट्रिक्सच्या जन्माची एक हकिकत फार छान आहे. जपानच्या शिमाद्झू कंपनीत कोइची तानाका नावाचे एक तरुण अभियंते होते. शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचं, डॉक्टरेट नाही. 1985 साली मोठे रेणू लेसरने उडवण्याच्या खटपटीत त्यांनी कोबाल्टच्या बारीक पुडीत भलताच द्रव ओतला. हवा होता ॲसिटोन, पडलं ग्लिसरीन. पूड महागाची. टाकून देण्यापेक्षा तपासून पाहू म्हणून त्यांनी ते मिश्रण यंत्रात घातलं आणि आजवर न दिसलेला रेणू अखंड दिसला. 2002 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना इतर दोघांसोबत मिळालं. हे पारितोषिक, खरं पाहता, नमुना तयार करण्याच्या युक्तीला मिळालेलं आहे. प्रयोगशाळेत काप घेणाऱ्यांनी ही हकिकत भिंतीवर लावून ठेवावी. (जर्मनीत कारास आणि हिलेनकाम्प यांनी त्याच सुमारास सेंद्रिय पदार्थांचा मॅट्रिक्स काढला, आणि आज सगळे तोच वापरतात, हेही सांगायला हवं.)

हा मॅट्रिक्स कापावर कसा घालायचा? द्रावण करून फवारायचा. फवारा ओला झाला तर पुन्हा तेच. रेणू पसरतात, चित्र फिसकटतं. फवारा फार कोरडा झाला तर मॅट्रिक्स रेणूंना कवेतच घेत नाही. फवारणाऱ्याचा हात, हवेतला दमटपणा, नळीचं अंतर, सगळं चित्रात उतरतं. दोन प्रयोगशाळांची चित्रं जुळत नाहीत ती बहुतेक या पायरीमुळे.

सोपेपणाचा पहिला मोठा टप्पा मला वाटतं इथेच आला. 2007 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फवारा काढूनच टाकला. बंद भांड्यात तळाशी मॅट्रिक्सची कोरडी पूड, वर झाकणाला उलटी लावलेली थंड काच, आतली हवा काढलेली. खालून ऊब दिली की पूड द्रव न होता सरळ वाफ होते आणि काचेवर बारीक थर धरते. देव्हाऱ्यातला कापूर डबीत ठेवला की झाकणाच्या आतून त्याचे स्फटिक जमतात, तेच हे. संप्लवन हा शब्द शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. त्या शब्दाचा उपयोग क्षयाच्या औषधाचा नकाशा काढायला होतो, हे आम्ही शिक्षक सांगत नाही. पाणी नाही म्हणून पसरणं नाही, स्फटिक बारीक म्हणून चित्र स्वच्छ. आणि उपकरण किती साधं! कुठल्याही महाविद्यालयाच्या रसायनशाळेत जुळवता येईल असं.

दुसरा टप्पा मॅट्रिक्सलाच रजा देणारा. 2004 साली अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने काप उघड्या हवेत ठेवला आणि त्यावर विद्युतभारित द्रावणाचा अतिशय बारीक फवारा तिरका मारला. थेंब कापावर आपटतात, रेणू घेऊन उडतात, यंत्र त्यांना तोंडाने ओढून घेतं. अंगणात पाण्याचा शिडकावा केला की धूळ उडते, तसं. डेसी असं त्याचं नाव. निर्वात पेटी नको, लेप नको, वीजवाहक काच नको. चित्र थोडं भरड येतं, कारण फवाऱ्याचा ठिपका लेसरपेक्षा जाड असतो.

मग लोकांनी विचार केला, काप तरी कशाला? शल्यवैद्य विद्युत सुरीने मांस कापतो तेव्हा धूर निघतो. तो धूर नळीने यंत्रात ओढून घेतला, तर सुरी कर्करोगात आहे की निरोगी भागात हे तिथल्या तिथे कळेल. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात 2013 साली प्रसिद्ध झालेल्या कामात शस्त्रक्रियागृहात केलेल्या 91 चाचण्यांचा निकाल नंतरच्या सूक्ष्मदर्शकाच्या निदानाशी जुळला. 2017 साली टेक्सासमध्ये लिव्हिया एबर्लिन यांनी पेनासारखं एक साधन केलं: टोकावरचा पाण्याचा थेंब ऊतींवर तीन सेकंद टेकवायचा आणि तो थेंब यंत्राला द्यायचा. 253 रुग्णांच्या नमुन्यांवर शेकडा 96 हून अधिक वेळा उत्तर बरोबर आलं. ही चित्रं नव्हेत, एकेका बिंदूची ओळख आहे; पण तयारीच्या पायऱ्या किती गाळता येतात ते यातून दिसतं. पायऱ्या गाळल्या म्हणून यंत्राची किंमत मात्र उतरत नाही, आणि ते शस्त्रक्रियागृहाच्या शेजारी लागतं. त्यामुळे वर्तमानपत्रात 'कर्करोग ओळखणारा पेन' वाचून खिशातल्या पेनाची कल्पना करू नये.

मला स्वतःला सगळ्यांत जवळची वाटते ती तिसरी वाट, ठशाची. आणि ती आपल्या देशातली आहे. मद्रासच्या आयआयटीत प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने 2013 साली सदाफुलीची पानं आणि पाकळ्या घेतल्या. सदाफुली तुमच्या सगळ्यांच्या दारात आहे. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिलं जाणारं व्हिंक्रिस्टीन हे औषध तिच्यातूनच मिळतं, हेही माहीत असू द्या. पाकळी इतकी नाजूक आणि वरून इतकी ओबडधोबड, की तिच्यावर थेट फवारा मारता येत नाही. त्यांनी पाकळी सपाट पातळ थराच्या पट्टीवर दाबली आणि तिचा ठसा घेतला. रसायनशाळेत रंगद्रव्यं वेगळी करायला वापरतात तीच पट्टी. मग ठशावर डेसीचा फवारा. पानाच्या शिरा, पानाची कड, फुलाच्या मधला रंगाचा डोळा, सगळं रेणूंच्या चित्रात उतरलं. ना काप, ना मेण, ना द्रवरूप नायट्रोजन.

मुलं वहीत पान दाबून ठसा काढतात, त्यात आणि यात जातीचा फरक नाही. फरक ठसा वाचणाऱ्या यंत्रात आहे. ठसा कोरडा असतो, चपटा असतो, पाकिटात मावतो. पाकिटातला नमुना ही काही गमतीची गोष्ट नव्हे. 1963 साली रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवून तपासायची रीत घालून दिली, आणि कागदावर वाळलेला थेंब टपालाने जाऊ लागल्यामुळेच बाळांची सरसकट तपासणी शक्य झाली. यंत्र गावोगाव गेलं नाही. नमुना प्रवासी झाला. आज त्याच वाळलेल्या थेंबातून मास स्पेक्ट्रोमीटर अनेक जन्मजात विकार एका वेळी शोधतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस विक्रेता आहे. ठसा वरच्या थराचा असतो; खोलवर काय आहे ते तो सांगत नाही. दाब कमी-जास्त झाला तर एकीकडे रेणू जास्त उतरतात आणि चित्रात तिथे ते जास्त होते असा भास होतो. रसाळ पान दाबलं की रस पसरतो. पाकळीवर जमलं ते यकृतावर जमेलच असं नाही. प्रत्येक ऊतीसाठी वेगळं पडताळून पाहावं लागतं. आणि निदानाचा शेवटचा शब्द अजूनही मेणाच्या ब्लॉकचा आहे, तो तसाच राहू द्यावा. एकाच तुकड्याचे दोन भाग करून एक बाटलीत आणि एक कोरडा ठेवणं, हा आजच्या घडीला शहाणपणाचा मार्ग आहे. सोप्या पद्धतीचा अर्थ कमी काळजी असा कोणी घेऊ नये. पायऱ्या कमी झाल्या की उरलेल्या प्रत्येक पायरीवर जास्त भार येतो.

आणि इथे माझं काम संपून तुमचं सुरू होतं.

एका रुग्णालयात, नाव सांगत नाही, तुकड्याचे असे दोन भाग करायचं ठरलं होतं. एक फॉर्मालिनमध्ये, एक कोरडा, बर्फात. कोरड्या डबीवर सूचना चिकटवलेली होती, स्वच्छ छापलेली, इंग्रजीत. दुपारी पाळी बदलली. नव्या पाळीतल्या मावशींनी पाहिलं, की एका डबीत पाणी घालायचं राहून गेलं आहे. वीस वर्षं त्यांना एकच गोष्ट शिकवलेली होती, की तुकडा कोरडा ठेवायचा नाही. त्यांनी मन लावून ती डबी फॉर्मालिनने भरली, झाकण घट्ट लावलं आणि वर रुग्णाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्या रुग्णाचा दुसरा तुकडा मिळणार नव्हता. मावशींना कोणी बोल लावला का? लावला. माझ्या मते तो सूचना लिहिणाऱ्याला लागायला हवा होता.

नमुन्याचं भवितव्य पहिल्या दहा मिनिटांत ठरतं. ती दहा मिनिटं ज्यांच्या हातात असतात, ती माणसं शोधनिबंध वाचत नाहीत. आपल्या या लहानशा प्रदेशात तर पाहा. कागद इंग्रजीत किंवा हिंदीत, डॉक्टर गुजरातीत किंवा मराठीत बोलणार, सिस्टर कदाचित मल्याळम घरची, आणि मामा-मावशी, रुग्ण, नातेवाईक यांच्या घरी वारली, कोकणा, धोडिया. 2019 पासून इथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथली मुलं उद्या याच वॉर्डांत सूचना लिहिणार आहेत. संशोधक पद्धत सोपी करतात तेव्हा ते लेप, निर्वात पेटी, पायऱ्या मोजतात. वाक्य मोजत नाहीत. मला वाटतं वाक्य हीसुद्धा एक पायरी आहे, आणि ती तुम्हीच सोपी करू शकता.

मी विद्यार्थ्यांकडून एक सराव करून घेतो. डबीवर चिकटवायची सूचना लिहा, पाच ओळींत. पहिल्या खेपेला हमखास येतं: 'सदर नमुना कोणत्याही स्थिरीकारक द्रावणात निमज्जित करण्यात येऊ नये.' व्याकरण बिनचूक आहे. या वाक्याने एकही तुकडा वाचणार नाही. दोन-तीन खेपांनंतर असं काहीतरी उरतं: 'या तुकड्यावर काहीही ओतू नका. पाणी नको, सलाईन नको, बाटलीतलं औषध नको. पुसू नका. डबी बर्फात ठेवा. बर्फ डबीला लागू दे, तुकड्याला नको. तुकडा किती वाजता काढला ते इथे लिहा.' यातला प्रत्येक शब्द भांडून ठरलेला आहे. 'फॉर्मालिन' लिहिलं तर काहींना ते 'पाणी'च वाटतं, म्हणून 'पाणी नको' आधी. 'सलाईन नको' मुद्दाम, कारण स्वच्छतेसाठी सलाईनने धुण्याची सवय चांगली असली तरी त्यातलं मीठ वजनांचे आकडे बदलून टाकतं. 'किती वाजता काढला' या ओळीवर अजून समाधान नाही. लोक शस्त्रक्रिया सुरू झाल्याची वेळ लिहितात, आणि आम्हाला हवी असते तुकडा शरीरापासून सुटल्याची.

ही सहा वाक्यं मराठीत आहेत. एका सहकारी शिक्षिकेने ती गुजरातीत केली आहेत. वारलीत अजून नाहीत. छापील कागद वारलीत कोण वाचणार, असं मला सांगण्यात आलं. असेल. पण पाळी बदलताना एक माणूस दुसऱ्याला तोंडी निरोप देतो, तो त्याच बोलीत देतो, आणि त्या निरोपात 'ओतू नका'चं काय होतं हे मला ऐकायचं आहे. घरी वारली, कोकणा किंवा धोडिया बोलणारे जे कोणी इथे आहेत, त्यांनी सभा संपल्यावर पाच मिनिटं थांबावं. मी वही आणली आहे.